जाणाऱ्या माणसाबरोबर हॉटेलचं काय काय जातं?

पत्र : माझं ५० खोल्यांचं हॉटेल आहे. ८ महिन्यांपूर्वी आमचे फ्रंट ऑफिस मॅनेजर सोडून गेले. ११ वर्षं होते. तेव्हा वाटलं, माणूस गेला, दुसरा मिळेल. मिळालाही, चांगला शिकलेला आहे. पण तेव्हापासून नेहमीचे गेस्ट नाराज आहेत, ऑनलाइन रेटिंग घसरलंय, आणि ज्या तक्रारी आम्ही कधीच मिटवल्या होत्या त्या परत यायला लागल्यात. आता हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाई महिनाअखेरीस निवृत्त होतायत. एका कंपनीने 'नॉलेज मॅनेजमेंट'चं सॉफ्टवेअर दाखवलं. त्यांचं म्हणणं, याने धंदा वाढतो. माझ्याकडे १४० पानांची एसओपीची, म्हणजे कोणतं काम कसं करायचं याच्या लेखी नियमांची, फाइल आहे, स्टाफचे तीन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तरी वेळेला कुणाला काही माहीत नसतं. हे सगळं मोठ्या साखळी हॉटेलांचं फॅड आहे की खरंच उपयोग होतो? आणि बाई जायच्या आत मी काय करू? – एक हॉटेलमालक

नमस्कार,

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. का, ते पुढे येईलच, पण विक्रेता पुन्हा फोन करायच्या आत एवढं सांगून मोकळा होतो.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. 'ज्या तक्रारी आम्ही कधीच मिटवल्या होत्या.' माझा अंदाज असा की त्या मिटल्या नव्हत्या, तुमचे मॅनेजर त्या रोज नव्याने निस्तरत होते. समजा, २१२ नंबरमध्ये गरम पाणी यायला फार वेळ लागतो. हे त्यांना ठाऊक, म्हणून पहाटे निघणाऱ्या गेस्टला ते ती खोली द्यायचेच नाहीत. एखाद्या कंपनीच्या साहेबांना बिल दोन भागांत लागतं, ते न सांगता तसं काढून ठेवायचे. तक्रार तुमच्यापर्यंत येईना, म्हणून ती संपली असं तुम्ही धरून चाललात. पाणी मात्र ११ वर्षं उशिरानेच येत होतं. नव्या मॅनेजरने रिकामी दिसली म्हणून २१२ दिली. त्यात त्याची काय चूक?

मीही एकदा या गोष्टीच्या आतल्या बाजूला होतो. नोकरीच्या सुरुवातीला एका हॉटेलात नाइट शिफ्ट करायचो. एका रात्री दोनच्या सुमारास एक गेस्ट खाली आले. डोळे लाल, नाक वाहतंय, बोलताना धाप लागतेय. पिसांच्या उशीची ॲलर्जी. उशा बदलल्या, चादरी बदलल्या, माफी मागितली, आणि रजिस्टरमध्ये लाल पेनाने ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या. चार महिन्यांनी ते पुन्हा उतरले आणि पुन्हा तसेच रात्री खाली आले. माझ्या दोन लाल रेघा कपाटातल्या रजिस्टरमध्ये शाबूत होत्या. पण खोली लावणाऱ्या पोराने ते रजिस्टर कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि त्याने का पाहावं? सकाळी त्याच्या हातात पडते ती खोल्यांची यादी. त्या यादीवर उशीचा उ नव्हता. ते गेस्ट तिसऱ्यांदा आले नाहीत.

नॉलेज मॅनेजमेंट या भारदस्त शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एवढाच, की ती लाल रेघ रजिस्टरमधून उचलून सकाळच्या यादीवर नेणं. आणि ऑर्गनायझेशनल लर्निंग म्हणजे त्याच्या पुढची पायरी : गेस्टने मागितल्याशिवाय पिसांची उशी खोलीत ठेवायचीच नाही, असं हॉटेलने ठरवून टाकणं. पहिल्यात माहिती जागेवर पोचते. दुसऱ्यात हॉटेलची वागण्याची रीतच बदलते, मग कोण ड्युटीवर आहे याने फरक पडत नाही.

फॅड म्हणाल तर नाही. १९९५ साली डार, आर्गोट आणि एपल या तीन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातली एकाच ब्रँडची ३६ पिझ्झा दुकानं, मालक १०. दीड वर्षाची दर आठवड्याची आकडेवारी त्यांनी तपासली. अनुभव वाढत गेला तसा एका पिझ्झ्यामागचा खर्च उतरत गेला, हे अपेक्षितच. पण दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, एका दुकानात शिकलेलं त्याच मालकाच्या दुसऱ्या दुकानात पोचत होतं, दुसऱ्या मालकाच्या दुकानात पोचत नव्हतं. ब्रँड तोच, पाट्या त्याच, तरी नाही. फोन, भेटीगाठी, बैठका एका मालकाच्या माणसांत होत होत्या, म्हणून तिथेच पोचत होतं. दोन, शिकलेलं फार पटकन झिजत होतं. माणसं सतत बदलणारा धंदा, त्यामुळे वर्षापूर्वीच्या अनुभवाचं आज जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

त्यातलाच एक किस्सा मला फार आवडतो. जाड पिझ्झ्यावर पेपरोनीच्या चकत्या सारख्या अंतरावर पसरून भट्टीत घातल्या की भाजताना चीज वितळतं, सरकतं आणि सगळ्या चकत्या मधोमध गोळा होतात. एका दुकानातल्या कुणाला तरी सुचलं, की चकत्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडायच्या. मग त्या भाजताना सरकून आपोआप सारख्या पसरतात. ही युक्ती आधी त्याच मालकाच्या दुकानांत गेली. बाकीच्या मालकांपर्यंत ती पोचली ती मूळ कंपनीच्या सल्लागाराने डोळ्यांनी पाहिली आणि इतरांना दाखवली तेव्हा. तुमच्या हॉटेलात अशा किती युक्त्या आज एकेका मजल्यावर अडकून पडल्यात, कोण जाणे. दुसऱ्या मजल्याच्या पोराला माहीत असतं, तिसऱ्याच्या पोराला नसतं.

आता पैशाचं. धंदा वाढतो का, हा तुमचा खरा प्रश्न. विक्रेत्याने तुम्हाला 'संशोधनाने सिद्ध झालंय' असं सांगितलं असेल तर थोडं जपूनच ऐका. हॉटेलांवरचे या विषयातले बरेचसे अभ्यास प्रश्नावलीवर उभे असतात. मॅनेजरलाच विचारतात, तुमच्याकडे ज्ञानाची देवाणघेवाण कशी आहे, आणि त्यालाच विचारतात, तुमची कामगिरी कशी आहे. ज्याचं बरं चाललंय तो दोन्हीकडे चांगलेच मार्क देणार. संबंध नक्की दिसतो, पण कशामुळे काय झालं हे त्यातून ठामपणे कळत नाही.

म्हणून मी तुमच्याच खोल्यांचा हिशेब मांडतो. ५० खोल्या, वर्षाच्या ३६५ रात्री, म्हणजे विकायला १८,२५० रात्री. ऑक्युपन्सीचा (यातल्या भरलेल्या रात्रींच्या प्रमाणाचा) एक टक्का म्हणजे साधारण १८२ रात्री. कामासाठी दर महिन्याला दोन रात्री राहणारा गेस्ट वर्षाला २४ रात्री देतो. असे आठ गेस्ट तुटले की १९२ रात्री गेल्या, एक टक्क्याहून जास्त. आणि हे आठजण थेट फोन करून येणारे असणार, बुकिंग साइटचं कमिशन नसलेले. त्यांच्या जागी आलेला नवा गेस्ट साइटवरून येतो, कमिशन कापून येतो, आणि घसरलेलं रेटिंग बघून दर पाडून मागतो. म्हणजे ऑक्युपन्सी भरून निघाली तरी रेव्हपारला, म्हणजे विकायला असलेल्या दर खोलीमागच्या उत्पन्नाला, खड्डा पडतोच, आणि कमिशन गेल्यावर हातात त्याहून कमी उरतं. तुमच्या जुन्या मॅनेजरच्या डोक्यात जे होतं त्याची किंमत कुठल्याही ताळेबंदात दिसली नसती. ती अशी, आठ नावांतून बाहेर पडते. ती नावं काढा. गेल्या दोन वर्षांचं बुकिंग उघडा आणि जे नियमित यायचे आणि गेल्या सहा महिन्यांत आले नाहीत, त्यांची यादी करा. तासाभराचं काम आहे. मग त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, मार्केटिंगच्या मुलाला सांगू नका. 'काय चुकलं?' एवढंच विचारा आणि सवलत देऊ करू नका. सवलतीचा विषय निघाला की खरं कारण कळत नाही.

एसओपीच्या फाइलकडे वळतो, कारण माझा राग तिच्यावर आहे. पुढे एका हॉटेलात मी ड्युटी मॅनेजर असताना २०७ नंबरची सतत तक्रार यायची : रात्री खोली गोठते. मेंटेनन्सचा माणूस जायचा, फिल्टर साफ करायचा, रिमोटचे सेल बदलायचा, वहीत 'दुरुस्त केलं' लिहायचा. आठवड्याभरात पुन्हा तेच. एकदा मी सहज तिथे उभा होतो आणि रूमबॉय बेड लावत होता. तो म्हणाला, "सर, तो फ्रीज थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली आहे ना. त्याची गरम हवा वर जाते, मशिनला वाटतं खोली तापलीय. मी रोज फ्रीज सरकवतो. दुसऱ्या शिफ्टचा परत जागेवर लावतो." परत का लावतो? कारण एसओपीत खोलीचा फोटो होता आणि फोटोत फ्रीज त्या कोपऱ्यात होता. सुपरवायझर तपासणीत मार्क कापायची. मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस? तर म्हणाला, "एसी मेंटेनन्सचं काम आहे ना."

क्रिस आर्गिरिस नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने संस्थांच्या शिकण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि योगायोग असा की उदाहरण थर्मोस्टॅटचंच दिलंय. ठरवलेल्या तापमानापासून खोली ढळली की थर्मोस्टॅट ती परत तिथे आणतो, हे एकेरी शिकणं. पण 'हे तापमान ठरवलं कुणी, आणि ते बरोबर आहे का?' असा प्रश्न त्याला पडत नाही. तो पडला तर ते दुहेरी शिकणं. आमचा मेंटेनन्सचा माणूस थर्मोस्टॅटसारखाच इमाने इतबारे काम करत होता. चूक फोटोत होती, आणि फोटो बदलायचा अधिकार त्या मजल्यावर कुणालाच नव्हता.

तेव्हा तुमच्या १४० पानांचं काय करायचं? कापा. जे कोणी पाळत नाही ते आधी काढा. जे आग, वीज, गॅस, पाहुण्यांची सुरक्षितता, ॲलर्जी यांच्याशी संबंधित आहे ते ठेवा, त्याला हात लावू नका. बाकीचं जिथे काम होतं तिथे एका पानावर न्या : लिनन रूमच्या दाराच्या आत, रिसेप्शनच्या काउंटरखाली, पॅन्ट्रीच्या भिंतीवर. प्रत्येक पानाला एक मालक द्या, म्हणजे ते काम रोज करणारा माणूस, आणि पान बदलायचा अधिकार त्याला असू दे. तुम्ही फक्त खाली सही करा आणि तारीख घाला. वर्षभरात ज्या पानाची तारीख बदललीच नाही, त्याच्याकडे जरा संशयाने बघा.

व्हॉट्सॲप ग्रुपांबद्दल थोडक्यात : तातडीच्या निरोपाला उत्तम, आठवणीला निकामी. शुभ सकाळच्या फुलांखाली काल रात्रीची गळती गाडली जाते. शिफ्ट बदलताना हँडओव्हरची एकच वही किंवा एकच फाइल असू दे. जाणारा आणि येणारा समोरासमोर उभे राहून ती वाचतील, दहा मिनिटं, आणि दोघांच्या सह्या होतील. गेस्टबद्दलची कायमची गोष्ट असेल तर ती वहीत न ठेवता लगेच बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या गेस्टच्या नावापुढे टाकायची. ती जागा तुमच्याकडे आत्ताही आहे, फक्त कुणी भरत नसेल. आणि खोल्यांची सकाळची यादी छापताना ती नोंद तिच्यावर आलीच पाहिजे. रिट्झ-कार्लटन या साखळीला अमेरिकेचं बाल्ड्रिज हे गुणवत्ता पारितोषिक १९९२ आणि १९९९ असं दोनदा मिळालं. त्यांच्या ज्या पद्धतीचं सगळीकडे नाव होतं ती म्हणजे प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला उभ्या उभ्या होणारी छोटी बैठक आणि पाहुण्यांच्या आवडीनिवडी टिपून ठेवण्याची सवय. बैठक घ्यायला साखळी असावी लागत नाही.

एक अडचण मात्र तुमच्यापासूनच सुरू होईल, रागावू नका. चूक लिहिली की पगारातून कापलं जातं किंवा सगळ्यांसमोर ओरडा बसतो, असं असेल तर वहीत काहीही येणार नाही. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या नर्सिंगच्या टीम तपासल्या. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. त्यांचा निष्कर्ष असा की त्या टीम जास्त चुकत होत्या म्हणून नव्हे, तर उघडपणे बोलत होत्या म्हणून नोंद जास्त. तुमच्या वहीतही पहिले दोन-तीन महिने नोंदी वाढतील. त्या वाढल्या तर मला आनंद होईल. घाबरायचं ते वही कोरी राहिली तर. मोजायचंच असेल तर एकूण तक्रारी मोजू नका. तीच तक्रार, तीच खोली, दुसऱ्यांदा : एवढाच आकडा दर सोमवारी बघा.

आता सुपरवायझर बाई. त्यांच्यासमोर कोरे कागद ठेवून 'तुम्हाला येतं ते सगळं लिहून काढा' असं सांगणार असाल तर तो विचार सोडा. त्यांना येतं त्यातलं बहुतेक त्यांना शब्दांत सांगता येणार नाही. लपवायचं म्हणून नाही, ते हाताला आणि नाकाला माहीत आहे म्हणून. जपानमधली एक गोष्ट इकुजिरो नोनाका या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने लिहिली आहे. १९८५ मध्ये मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवण्याचं यंत्र तयार करत होती. कणीक नीट मळली जाईना. वरून करपायचा, आत कच्चा राहायचा. एक्स-रे काढून तुलना केली तरी उलगडेना. शेवटी इकुको तानाका या त्यांच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो कणीक एका विशिष्ट पद्धतीने ताणतो हे तिथे पाहून, करून कळलं. मग यंत्राच्या आत खास खाचा-उंचवटे घालून तेच ताणणं बसवलं, आणि यंत्र चाललं. बेकरला प्रश्नावली पाठवली असती तर त्याने काय लिहिलं असतं? 'कणीक चांगली मळावी.'

म्हणून उरलेले दिवस बाईंच्या मागे एक माणूस लावा, जो त्यांची जागा घेणार आहे तोच किंवा तीच. इतर काम त्या काळात देऊ नका. चार दिवस फक्त बघायचं. नंतरचे दिवस उलटं : नवीन माणूस खोली तपासेल, बाई मागे उभ्या राहतील, आणि काही राहिलं की त्याच क्षणी बोट दाखवतील. त्या बाथरूमच्या दारात एक सेकंद जास्त थांबल्या तर विचारायचं, का थांबलात? बहुधा वास आला असेल, आणि त्या वासावरून त्यांना जाळी कधी तुंबणार ते कळत असेल. अशी उत्तरं रोज संध्याकाळी पाच ओळींत नवीन माणसाने लिहायची, बाईंनी नाही. लिहिताना त्याचं किती डोक्यात शिरलंय तेही दिसतं. मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढायला हरकत नाही, पण बाईंना आधी विचारा. आणि हे सगळं त्यांनी फुकट करावं असं गृहीत धरू नका. निवृत्तीनंतरही तीन महिने, आठवड्यातून एक दिवस, रीतसर मानधन देऊन बोलवा. नवीन माणसाचे खरे प्रश्न त्या निघून गेल्यावरच सुरू होतात.

जाता जाता एक सांगतो, सल्ला विचारलेला नाहीत तरी. आसपासच्या हॉटेलमालकांशी तुमचं कसं आहे? इन्ग्रम आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी सिडनीतल्या हॉटेलांचा अभ्यास करून २००० साली मांडलं, की ज्यांच्या मॅनेजरांची स्पर्धकांशी मैत्री होती त्या हॉटेलांचं उत्पन्न सरस होतं. भरलेलं असलं की गेस्ट एकमेकांकडे पाठवणं, बाजाराची खबर देणं, हे त्या मैत्रीतून होत होतं. ५० खोल्यांच्या माणसाला हे साखळीइतकंच उपयोगी पडू शकतं.

सॉफ्टवेअरच्या माणसाला सहा महिन्यांनी यायला सांगा. तोवर वही रोज भरली जात असेल आणि तिच्यात शोधणं अवघड होऊ लागलं असेल, तर त्याचं काहीतरी ऐकण्यासारखं असेल. वहीच भरली जात नसेल तर त्याच्या यंत्रातही कुणी काही भरणार नाही, आणि हप्ते मात्र सुरू राहतील.

आणि जुन्या मॅनेजरांना फोन लावा. भांडून गेले नसतील तर एक दुपार मागून घ्या, त्या वेळेचे पैसे द्या आणि नव्या मॅनेजरला त्यांच्याबरोबर सगळ्या ५० खोल्या फिरू द्या. तुम्ही सोबत जाऊ नका, मालक असला की माणसं सांभाळून बोलतात. आठ महिन्यांत ते बरंच विसरले असतील, पण तुमच्या हॉटेलातली २१२ नेमकी कोणती, हे त्यांना दारातच आठवेल.